बेबी सन रोज मधोमध उजाड होते आणि फुले थांबतात : समस्या निवारण

लक्षणे

हृदयाच्या आकाराची रसाळ पाने आणि सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची गुलाबी-लाल फुले असलेले हे पसरणारे झाड लावल्यावर पहिले काही महिने कसलाही त्रास देत नाही. कुंडीच्या काठावरून ते खाली उतरते किंवा वाफ्यातली मोकळी जागा झाकून टाकते. त्यानंतर पुढील लक्षणे दिसू लागतात आणि बहुतेक वेळा त्यांतली दोन-तीन एकत्रच दिसतात.

मधली पाने पिवळी पडून गळतात आणि तिथे नुसत्या काड्यांची जाळी उरते. कडेचे शेंडे मात्र हिरवेगार असतात. काही झाडांची पाने पातळ होतात, सुरकुततात आणि पाणी घातले तरी पूर्ववत भरत नाहीत. काहींची पाने उलट काचेसारखी पारदर्शक आणि गिळगिळीत होतात. फांद्या बुंध्याजवळ काळ्या पडतात, हलकेच ओढल्या तर हातात येतात आणि त्यांना कुजट वास असतो. कधी झाड दिसायला तजेलदार असते, पण फुले येत नाहीत. कधी दोन पेरांमधले अंतर वाढत जाऊन फांद्या दोऱ्यासारख्या लांबतात. पेरांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, अथवा कुंडीवर मुंग्यांची ये-जा सुरू होते.

रोपवाटिकेत हे झाड बेबी सन रोज या नावाने मिळते. त्याचे सध्याचे शास्त्रीय नाव मेसेम्ब्रिॲन्थिमम कॉर्डिफोलियम असे असून जुनी पुस्तके आणि अनेक पाट्या अजूनही आप्टेनिया कॉर्डिफोलिया हेच नाव वापरतात. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातले आहे. जमीन झाकण्यासाठी बराच वापरला जाणारा ‘रेड ॲपल’ हा लाल फुलांचा संकर आणि पांढरट कडांच्या पानांचा प्रकार या दोन्हींना खालचे सर्व लागू पडते. पांढरट कडांचा प्रकार मुळातच सावकाश वाढतो, त्यामुळे त्याच्याकडून हिरव्या प्रकाराइतक्या वेगाची अपेक्षा ठेवू नये.

कोरडे टक्कल की ओले टक्कल

कोणताही उपाय करण्यापूर्वी उजाड झालेल्या मधल्या भागातली एक काडी नखाने हलकेच खरवडून पाहावी. साल निघाल्यावर आत हिरवा, ओलसर थर दिसला आणि काडी कडक असली, तर ते कोरडे टक्कल समजावे. आतला भाग तपकिरी किंवा काळा असला, काडी बोटांत दाबली जात असली अथवा तिची साल मोज्यासारखी सुटून येत असली, तर ते ओले टक्कल होय. दुरून दोन्ही सारखीच दिसतात आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

कोरडे टक्कल हा रोग नाही. हे झाड शेंड्याकडे वाढत जाते. जुन्या फांद्यांवर नव्या फांद्यांची दाटी होते, खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही आणि झाड ती पाने सोडून देते. जमिनीवर पसरलेल्या फांद्या जिथे मातीला टेकतात तिथे पेरांतून मुळे फुटत असल्याने कडेचे भाग स्वतंत्रपणे जगू लागतात आणि मधला मूळ बुंधा हळूहळू निरुपयोगी होतो. अशा झाडाला वयाप्रमाणे छाटणी हवी असते. औषध आणि जास्तीचे पाणी या दोन्हींची त्याला गरज नसते.

ओले टक्कल म्हणजे मूळकूज किंवा खोडकूज. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की मुळे कुजलेले झाड वरून तहानलेले दिसते. पाणी शोषणारी मुळेच उरली नसल्याने भोवती पाणी असूनही पाने सुकतात. पाने सुकलेली पाहून माणूस झारी उचलतो आणि उरलेली मुळेही संपवतो. मला दाखवण्यात आलेल्या आजारी कुंड्यांपैकी बहुतेकांची गत हीच झालेली होती. म्हणून खालच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत पाणी घालणे थांबवावे. निरोगी झाड त्या चार-सहा दिवसांत मरत नाही. कुजत असलेले झाड मात्र त्यात वाचू शकते.

पहिली तपासणी : झाड भर दुपारी पाहावे

ही तपासणी फुकट आहे आणि ‘फुलेच येत नाहीत’ ही तक्रार कित्येकदा इथेच संपते. या झाडाची फुले लख्ख उन्हात उमलतात आणि ऊन उतरले की मिटतात. ढगाळ दिवशी ती नीट उघडतही नाहीत. सकाळी लवकर घराबाहेर पडून अंधार पडल्यावर परतणाऱ्या माणसाला फुललेले झाड कधी दिसतच नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान झाड पाहावे आणि शेंड्यांजवळ टोकदार, हिरवट मिटलेल्या कळ्या आहेत का तेही तपासावे. कळ्या असल्या तर झाडाचे काही बिघडलेले नाही.

त्याच दिवशी, झाडाच्या जागी थेट ऊन कधी येते आणि कधी जाते याची नोंद घ्यावी. तेजस्वी उजेड आणि थेट ऊन यांत फरक आहे. पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, झाडाला तो पुरत नाही. रोज पाच ते सहा तासांचे थेट ऊन मिळाले तर फुले चांगली येतात. तीन तासांपेक्षा कमी ऊन मिळाले तरी झाड जगते, पण पेरांमधले अंतर वाढते, पाने फिकट होतात आणि फुले तुरळक येतात. फांदीच्या जुन्या भागात पेरे जवळजवळ आणि नव्या भागात दूरदूर असतील, तर प्रकाश मध्येच कमी झाला आहे, असे समजून वर पाहावे. बहुधा शेजारचे झाड वाढलेले असते, एखादे छप्पर आलेले असते किंवा ऋतूबरोबर सूर्याचा मार्ग सरकलेला असतो.

जागा बदलायची ठरल्यास सावलीतले झाड एकदम पूर्ण उन्हात ठेवू नये, कारण सावलीत तयार झालेली मऊ पाने एका दुपारीत भाजून तपकिरी होतात. आठ-दहा दिवसांत उन्हाचे तास थोडे थोडे वाढवावेत. लांबलेल्या फांद्या उन्हात गेल्यावर पुन्हा आखूड होत नाहीत. त्या छाटाव्याच लागतात.

दुसरी तपासणी : माती आतून किती ओली आहे

वरची माती पाहून काहीच कळत नाही. एक कोरडी, रंग न दिलेली लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि बाहेर काढून पाहावी. काडी काळपट, ओलसर झाली असेल किंवा तिला माती चिकटली असेल, तर आत ओल आहे. लहान कुंडी असल्यास ती उचलून वजनाचा अंदाज घेणे त्याहून सोपे. पूर्ण भिजलेल्या आणि पूर्ण सुकलेल्या कुंडीचे वजन हाताला एकदा कळले की पुढे काडीचीही गरज उरत नाही.

निष्कर्ष असा काढावा. पाने सुरकुतलेली आणि माती तळापर्यंत कोरडी असेल, तर झाड खरोखर तहानलेले आहे. भरपूर पाणी द्यावे, एक-दोन दिवसांत पाने भरतील. पाने सुरकुतलेली आणि माती ओली असेल, तर मुळे गेली आहेत. मधल्या सगळ्या तपासण्या सोडून थेट मुळे पाहण्याच्या टप्प्यावर जावे. पाने पारदर्शक आणि गिळगिळीत झाली असतील, तर पाणी जास्त झाले आहे, अथवा झाडाला कडाक्याची थंडी लागली आहे. थंडीचा मार एका रात्रीत आणि उघड्या बाजूच्या शेंड्यांवर दिसतो. जास्त पाण्याचा परिणाम बुंध्याकडून वर सरकत येतो.

या झाडाला कोरडेपणा सोसतो आणि ओल सोसत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पाणी कमी पडले की ते पानांची रंध्रे (हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रे) दिवसा मिटून रात्री उघडण्याकडे वळते, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि पानांतला साठा पुरवून वापरता येतो. मुळांजवळ अशी कोणतीही सोय नाही. त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतली पोकळी दीर्घकाळ पाण्याने भरलेली राहिली की मुळे गुदमरतात आणि रोगकारकांना दार उघडे मिळते. तेव्हा वरची तीन ते पाच सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये, आणि द्यायचे तेव्हा तळातून वाहून जाईपर्यंत द्यावे. रोज कपभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट, कारण त्याने वरचा थर कायम ओला आणि खालची मुळे कधी उपाशी, कधी चिखलात अशी स्थिती होते.

तिसरी तपासणी : कुंडीचा तळ

कुंडी तिरकी करून तळाची छिद्रे पाहावीत. ती मुळांनी किंवा मातीने बुजलेली असल्यास काडीने मोकळी करावीत. टांगत्या प्लॅस्टिक कुंड्यांना खाली ताटली जोडलेली असते आणि तीत साचलेले पाणी वरून अजिबात दिसत नाही. लोंबणाऱ्या फांद्या ती झाकून टाकतात. अशी ताटली काढून टाकावी. बाहेरची कुंडी शोभेची आणि आत रोपाची कुंडी, अशी रचना असेल तर आतली कुंडी उचलून खाली पाणी आहे का ते पाहावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी लोक ती करत नाहीत आणि सरळ औषध विकत आणतात.

तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या जाड खडीत तेव्हाच उतरते, जेव्हा वरची माती पूर्णपणे तुडुंब होते. म्हणजे खडीने ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. कोणत्याही कुंडीत पाणी निथळल्यावर तळाशी ठरावीक उंचीचा ओला पट्टा राहतोच. कुंडी खोल असेल तर त्याचा त्रास होत नाही. उथळ परातीसारख्या कुंडीत मात्र जवळजवळ सगळी मुळे त्याच पट्ट्यात येतात. हे झाड उथळ मुळांचे म्हणून उथळ भांड्यात लावण्याची पद्धत आहे आणि त्यात चूक काही नाही, परंतु अशा भांड्यातली माती खोल कुंडीतल्या मातीपेक्षा बरीच भरड असायला हवी.

जमिनीतल्या वाफ्यात याच टप्प्यावर वरून पडणारे पाणी पाहावे. पागोळ्या पडतात त्या रेषेत, वातानुकूलन यंत्राच्या नळीखाली किंवा ठिबकच्या गळक्या जोडाजवळ टक्कल पडले असेल, तर कारण शोधायला आणखी कुठे जाण्याची गरज नाही.

चौथी तपासणी : गालिचा उचलून आतली कीड पाहावी

फांद्यांची दाटी हाताने बाजूला करावी आणि बॅटरीच्या उजेडात पेरांचे बेचके, पानांची मागची बाजू आणि बुंधा पाहावा. कापसासारख्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसणारी कीड, म्हणजे पिठ्या ढेकूण, याच बंदिस्त, वारा न लागणाऱ्या जागी राहते. पानांवर चिकटपणा, त्यावर काजळीसारखा काळा थर आणि मुंग्यांची रांग ही त्याची किंवा माव्याची खूण होय. मुंग्या त्यांनी सोडलेल्या गोड स्रावासाठी येतात आणि त्यांचे शत्रुकीटकांपासून रक्षणही करतात. मुंग्यांचा मार्ग बंद केल्याशिवाय कीड आटोक्यात येत नाही.

ठिपके थोडे असतील तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत. जास्त पसरलेले असतील, तर सर्वांत बाधित फांद्या सरळ कापून पिशवीत बंद करून टाकाव्यात आणि उरलेल्या झाडावर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व काही थेंब सौम्य द्रव साबण मिसळून फवारावे. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण तेलाचा थर असलेली रसाळ पाने उन्हात करपतात. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहणे अधिक चांगले. आठवड्याने पुन्हा फवारावे, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले पहिल्या फवारणीतून सुटलेली असतात.

पानांवर अनियमित कुरतडलेल्या कडा आणि सुकलेल्या चिकट रेषा दिसल्या, तर ती गोगलगाय आहे. रात्री बॅटरी घेऊन वेचून काढावी, एवढे पुरते.

पाचवी तपासणी : खत

ऊन पुरेसे आहे, कीड नाही, पाणी बेताचे आहे आणि तरीही फुले नाहीत, असे असेल तर खताचा हिशेब मांडावा. नत्र जास्त झालेल्या झाडाची पाने मोठी, गडद आणि मऊ असतात, पेरांमधले अंतर फारसे वाढलेले नसते. कमी उजेडातल्या झाडाची पाने फिकट आणि अंतर मोठे असते. दोन्हींत फुले कमी येत असली तरी या खुणांवरून कारण वेगळे काढता येते. शेजारच्या हिरवळीला दिलेले युरिया वाहून येणे हे वाफ्यातल्या झाडांच्या बाबतीत नेहमीचे कारण आहे. खत पूर्ण थांबवावे आणि पुढे वाढीच्या काळात सहा ते आठ आठवड्यांतून एकदा, नत्र कमी असलेले द्रवखत पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्म्याने द्यावे.

मातीवर क्षारांचा पांढरा पापुद्रा दिसला तरी लगेच त्याला दोषी धरू नये. हे झाड क्षार बऱ्यापैकी सोसते. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून एकदा माती धुवावी आणि पुढच्या तपासणीकडे वळावे, मात्र हे फक्त निचरा चांगला असलेल्या कुंडीत आणि काडी खरवडून पाहिल्यावर कूज नाही याची खात्री झाल्यावरच करावे.

कोरड्या टकलाचा उपाय

इथवर काही सापडले नाही आणि काडी आतून हिरवी निघाली, तर छाटणी करावी. वाढ जोमात असताना सर्व फांद्या साधारण एक तृतीयांशाने कमी कराव्यात. अगदी उघड्या, जून लाकडापर्यंत कापण्याचा मोह टाळावा, कारण पान नसलेल्या जुन्या काडीतून फूट येईलच असा भरवसा नसतो. प्रत्येक फांदीवर पानांच्या निदान दोन-तीन जोड्या राहू द्याव्यात. कापलेल्या प्रत्येक टोकाखालून दोन फांद्या फुटतात आणि फुले नव्या वाढीवर येत असल्यामुळे छाटणीने ती काही आठवडे कमी होऊन नंतर वाढतात.

मधली जागा भरण्याची याहून चांगली युक्ती अशी आहे की कडेच्या दोन-तीन लांब फांद्या बाहेर लोंबू न देता उलट वळवून उजाड जागेवर आडव्या घालाव्यात, इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या तारेने त्यांची पेरे मातीला टेकवून धराव्यात आणि पेरावर चिमूटभर माती टाकावी. दोन ते तीन आठवड्यांत त्या पेरांना मुळे फुटतात. फांदी मूळ झाडापासून तुटलेली नसल्याने तिला या काळात अन्नपाणी मिळत राहते, आणि म्हणून यात अपयश फारसे येत नाही.

छाटलेले तुकडे उघड्या माळावर किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर आणि भूमध्य समुद्राच्या काठावर हे झाड बागांतून निसटून रानात पसरले आहे आणि एका पेराचा तुकडाही त्याला पुरतो.

सहावी तपासणी : मुळे उघडून पाहणे

यापुढची कामे वेळ आणि साहित्य दोन्ही मागतात, म्हणून ती शेवटी ठेवली आहेत. झाड मातीच्या गोळ्यासकट कुंडीतून बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि ओढल्यावर न तुटणारी असतात. कुजलेली मुळे काळपट असतात; त्यांची साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो.

गोळ्याचा गाभाही बोटाने फोडून पाहावा. रोपवाटिकेतून आलेले रोप बरेचदा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवलेले असते आणि तो गोळा तसाच नव्या मातीत बसवलेला असतो. कोकोपीट पाणी धरून ठेवते, भोवतालची भरड माती लवकर सुकते. परिणामी वरून आणि कडेने कोरडी वाटणारी कुंडी ऐन बुंध्याशी आठवडाभर ओली राहते. हाच गोळा एकदा पूर्ण सुकला तर पाणी आत घेतच नाही आणि ते बाजूने निघून जाते. मधोमध टक्कल आणि कडेला हिरवळ या चित्राचे हे फार मोठे कारण आहे, आणि नवे रोप आणल्याबरोबर गोळा सैल करून जुने कोकोपीट झटकून टाकले तर ते सहज टळते.

मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी, निळसर झाक असलेली मेणचट पूड दिसली, तर ती मुळांवरची पिठ्या ढेकूण आहे. बुरशी समजून तिच्यावर बुरशीनाशक ओतण्यात अर्थ नाही. अशा वेळी मुळे वाचवण्याच्या मागे न लागता वरचे स्वच्छ शेंडे कापून घ्यावेत आणि उरलेले झाड मातीसह टाकून द्यावे.

कूज असेल तरी हाच मार्ग सर्वांत खात्रीचा आहे. सात ते दहा सेंटिमीटर लांबीचे निरोगी शेंडे घ्यावेत. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा वलय दिसले तर काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत वर वर कापत जावे आणि प्रत्येक कापानंतर चाकूचे पाते अल्कोहोलने पुसावे. खालची पाने काढून तुकडे सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावेत, जेणेकरून जखम बंद होईल. नंतर ते नव्या, जेमतेम ओलसर मातीत लावून तीन-चार दिवस पाणी देऊ नये.

मातीचे मिश्रण असे असावे : एक भाग बागेतली पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज खडे) किंवा चाळून घेतलेले विटांचे बारीक खडे आणि मूठभर पूर्ण कुजलेले कंपोस्ट. वाळू जाडच हवी. बारीक वाळू चिकण मातीत मिसळली की मातीतली पोकळी उलट बुजते आणि मिश्रण आधीपेक्षा घट्ट होते. जुनी कुंडी घासून धुवावी आणि एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन, मगच पुन्हा वापरावी.

बुरशीनाशकाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ओल्या मातीतली मूळकूज बहुधा पिथियम किंवा फायटॉप्थोरा यांच्यामुळे होते. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात आणि जीवशास्त्रीयदृष्ट्या ते खऱ्या बुरशींत मोडत नाहीत. त्यामुळे घरोघरी वापरले जाणारे कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही. रायझोक्टोनियासारख्या खऱ्या बुरशीवर ते चालते, परंतु नुसत्या डोळ्यांनी या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. अंदाजाने औषध ओतण्यापेक्षा माती बदलणे स्वस्त पडते, आणि कारणही त्यानेच दूर होते.

सातवी तपासणी : जमिनीतला निचरा

वाफ्यात टक्कल वारंवार एकाच जागी पडत असेल, तर तिथे तीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण जिरू द्यावे आणि पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी जिरत असेल, तर ती जागा या झाडाला योग्य नाही. नुसता खड्डा करून त्यात चांगली माती भरल्याने काम होत नाही, कारण भोवतालच्या घट्ट जमिनीत तो खड्डा पाणी साठवणारे भांडे बनतो. जमिनीच्या वर वीस-तीस सेंटिमीटर उंचीचा वाफा करून त्यावर लागवड करावी. माती घट्ट असताना ती ओली खणू नये. वाफसा आल्यावरच, म्हणजे जास्तीचे पाणी निघून माती बेताची ओलसर उरल्यावरच खणावी, नाहीतर ढेकळे पडून निचरा आणखी बिघडतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पाणी न देताही एखादी जागा सतत ओली राहत असेल, तर घरातले सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. काटा फिरत असल्यास जमिनीखालची नळी गळते आहे. तिथून पुढचे काम नळकाम करणाऱ्याचे आहे, आपण खोदत बसू नये.

गच्चीवरच्या वाफ्याखालच्या छताला ओल आली असेल, तर पाणी ताबडतोब थांबवावे आणि जलरोधक थराचे काम जाणणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. वाफा स्वतः उकरल्यास फावड्याने तो थर फाटण्याची शक्यता असते.

उतारावर लावलेला गालिचा खाली सरकत असेल किंवा त्याच्यावरच्या अंगाला जमिनीत भेग दिसत असेल, तर त्या उतारावर चढू नये. पावसानंतर मातीत आणि रसाळ पानांत पाणी भरून वजन खूप वाढते आणि उथळ मुळे ते पेलू शकत नाहीत. अशा जागी भू-तांत्रिक अभियंत्याचा सल्ला लागतो. अधिक रोपे लावून उतार धरून ठेवता येत नाही.

माती बदलूनही महिन्याभरात कूज परतली, मोठ्या वाफ्यात ती वर्तुळाकार पसरत राहिली, किंवा पाने वेडीवाकडी होऊन ओलसर हवेत त्यांवर करडी बुरशी दिसू लागली, तर घरगुती उपाय थांबवून वनस्पतिरोग निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. शेवटचे लक्षण केवडा रोगाचे असू शकते आणि त्याचे औषध मूळकुजीच्या औषधाहून वेगळे असते. नमुना घेण्यापूर्वी कोणतेही बुरशीनाशक वापरू नये, कारण त्याने रोगकारक दबतो आणि चाचणीत सापडत नाही. पूर्ण मेलेला मधला भाग पाठवून उपयोग नाही. त्यात सडल्यानंतर वाढणाऱ्या इतर बुरशीच आढळतात. आजारी आणि निरोगी भागांच्या सीमेवरची दोन-तीन रोपे मुळे आणि मूठभर मातीसह उपटावीत, मुळांचा भाग वेगळ्या पिशवीत बांधावा म्हणजे माती पानांना लागणार नाही, पिशवीत पाणी घालू नये, ती उन्हात ठेवू नये आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. सोबत शेवटचे पाणी, खत आणि फवारणी कधी व कशाची दिली हे एका कागदावर लिहून द्यावे.